खोटा आकडा ओळखायचा कसा?

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून समुद्र गाठायचा तर सरळ पश्चिमेला सुमारे 400 किलोमीटर जावे लागते. पण समुद्राची मोजमापे जिथे गोळा होतात आणि तपासली जातात, ते ठिकाण निलंग्यापासून त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. हैदराबादेतले ‘इन्कॉइस’, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, 1999 साली स्थापन झाले. हिंदी महासागरात बुड्या मारणाऱ्या स्वयंचलित फ्लोट्सचे आणि नांगरलेल्या बोयांचे आकडे उपग्रहामार्फत तिथे येतात. त्यांची छाननी होऊन समुद्राच्या पोटात कुठे किती उष्णता साठली आहे याचे चित्र तयार होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या मान्सूनच्या संगणकीय प्रारूपाला हेच चित्र सुरुवातीची स्थिती म्हणून पुरवले जाते. एप्रिलमध्ये पावसाचा पहिला हंगामी अंदाज येतो तेव्हा सोयाबीनचे बियाणे किती घ्यायचे याचा विचार लातूर जिल्ह्यात सुरू झालेला असतो. त्या अंदाजाच्या तळाशी अरबी समुद्रातले आणि बंगालच्या उपसागरातले हे आकडे असतात.

हे आकडे नेहमी खरे असतातच असे नाही. खारे पाणी धातू खाते. यंत्रावर शेवाळ चढते, शिंपले चिकटतात. दाबाने सांध्यांतून पाणी शिरते, बॅटरी उतरते, घड्याळ मागे पडते. शेतातला पंप बिघडला तर उघडून पाहता येतो. समुद्रात सोडलेला फ्लोट बहुधा पुन्हा हाती लागत नाही. त्याला काय झाले आहे ते त्याने पाठवलेल्या आकड्यांवरूनच ओळखावे लागते. गेल्या काही दशकांत समुद्रशास्त्रज्ञांनी ही विद्या फार कष्टाने उभी केली आहे, आणि तिचे सार प्रत्येक मोजणाऱ्या माणसाने आत्मसात करावे असे आहे. बिघडलेले यंत्र वाटेल तसे चुकत नाही. प्रत्येक बिघाडाची आकड्यांत एक ठरलेली खूण उमटते. ती खूण वाचायला यंत्र कसे चालते हे माहीत असावे लागते. आणि खोटा ठरलेला आकडा कधीही पुसून टाकायचा नसतो.

यंत्र खरोखर काय मोजते?

जगभरच्या समुद्रांत आज सुमारे 4,000 ‘आर्गो’ फ्लोट फिरत आहेत. या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आलेल्या या आंतरराष्ट्रीय योजनेत भारतही सहभागी आहे, आणि हिंदी महासागराचे विभागीय माहितीकेंद्र इन्कॉइसच सांभाळते. फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीच्या आसपासचे एक नळकांडे. ते 1,000 मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहते. साधारण दहा दिवसांनी ते 2,000 मीटरपर्यंत खाली जाते आणि तिथून वर येताना पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब नोंदवते. पृष्ठभागावर आले की नोंदी उपग्रहाकडे पाठवते आणि पुन्हा बुडी मारते. असे ते चार-पाच वर्षे, बॅटरी पुरेपर्यंत, करत राहते. तापमान अंशाच्या काही सहस्रांशांपर्यंत अचूक मिळावे, अशी या यंत्रांकडून अपेक्षा असते.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली की पुढचे सगळे समजते. आपण जे वाचतो तेच यंत्राने मोजलेले असते असे नाही. फ्लोट खोली मोजत नाही. दाब मोजतो आणि दाबावरून खोली काढली जाते. तो क्षारताही मोजत नाही. पाण्याच्या छोट्या नळीतून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्या विद्युतवाहकतेला तापमानाची व दाबाची जोड देऊन क्षारता काढली जाते. खाऱ्या पाण्यातून वीज अधिक वाहते, तशी कोमट पाण्यातूनही अधिक वाहते. म्हणून तापमानाच्या सेन्सरमध्ये लहानशी चूक झाली तरी क्षारतेचा आकडा बिघडतो आणि दोष भलत्याच सेन्सरवर जातो. आकडा संशयास्पद दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: हा आकडा कोणकोणत्या मोजमापांतून तयार झाला, आणि त्यांतले कोणते चुकू शकते?

बिघाडाच्या खुणा

सर्वांत सोपी खूण म्हणजे थिजलेला आकडा. पृष्ठभागापासून 2,000 मीटरपर्यंत तापमान एकसारखेच दिसत असेल तर सेन्सर बंद पडला आहे, कारण असा समुद्र कुठे नसतो. प्रवाहमापकाचे फिरते चाक शेवाळात अडकले की प्रवाहाचा वेग शून्य दिसतो, पण दिशा मात्र बदलत राहते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की चाक अडकले आहे हे ओळखावे.

दुसरी खूण म्हणजे एकाकी टोक: शेजारचे सगळे आकडे 27 च्या आसपास आणि मधला एक 35. हे बहुधा संदेशवहनातले किंवा विजेच्या जोडणीतले काम. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर क्षारता एकदम खाली कोसळते, कारण हवेतून वीज वाहत नाही. तापमान आणि वाहकता मोजणारे सेन्सर एकाच वेगाने प्रतिसाद देत नसतील, तर जिथे तापमान झपाट्याने बदलते नेमक्या त्याच खोलीवर क्षारतेत खोटी टोके उमटतात. टोक कुठे आले आहे यावरून त्याचे कारण कळते ते असे.

तिसरी खूण सर्वांत फसवी असते: आकडा हळूहळू सरकत जातो. वाहकतेच्या नळीत शेवाळाचा थर चढला की नळी आतून अरुंद होते, वाहकता कमी दिसते आणि पाणी दिवसेंदिवस गोडे होत चालल्याचा भास होतो. रोजचा फरक इतका बारीक असतो की कोणतीही एक नोंद चुकीची वाटत नाही. शेवाळ चढू नये म्हणून नळीच्या तोंडाशी विषारी द्रव्य ठेवतात. पण नव्या फ्लोटमध्ये तेच द्रव्य नळीत उतरून पहिल्या काही बुड्यांत क्षारता कमी दाखवते आणि मग धुऊन जाते. म्हणजे चूक सुरुवातीला असून पुढे मिटत गेली तर या द्रव्यावर संशय घ्यायचा, आणि मागाहून येऊन वाढत गेली तर शेवाळावर.

चौथी खूण वेळेची आणि जागेची. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. एखाद्या यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेवर लावलेले असेल आणि नोंद भारतीय वेळेची समजून वाचली गेली, तर भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी दिसू लागते. पाणी मोजणारा सेन्सर निर्दोष, आकडे निर्दोष, आणि तरीही निष्कर्ष उलटा. साडेपाच तासांचा फरक दिसला की भारतातल्या तंत्रज्ञाने आधी घड्याळ पाहावे.

जागेचेही तसेच. 18.1 उत्तर अक्षांश आणि 67.7 पूर्व रेखांश हा बिंदू मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात येतो. लिहिताना 67 चे 76 झाले की तिथला बोया निलंगा तालुक्यात येऊन पडतो. म्हणून आर्गोच्या तपासणीत अगदी सुरुवातीलाच यंत्र जमिनीवर दिसत आहे का, हे पाहिले जाते. त्याबरोबर तारीख शक्य आहे का, मागच्या जागेवरून इथे यायला फ्लोटला अशक्य वेग लागला असता का, तापमान आणि क्षारता शक्य त्या मर्यादेत आहेत का, हेही संगणक पाहतो. या चाळण्या भोळ्या वाटतात, पण त्यांत बराच कचरा अडकतो.

मोंढ्यातला काटा आणि थंड होणारा समुद्र

चाळणीत न अडकणाऱ्या चुका जास्त घातक असतात. मोंढ्यातला काटा कधी शंभर ग्रॅम जास्त, कधी शंभर ग्रॅम कमी दाखवत असेल, तर शंभर कट्ट्यांच्या एकूण वजनात फारसा फरक पडत नाही. पण तो दर वेळी दोनशे ग्रॅम कमीच दाखवत असेल, तर कट्टे जितके जास्त तितके शेतकऱ्याचे नुकसान मोठे. एकाच बाजूला झुकलेली चूक अधिक मोजमापांनी कमी होत नाही. उलट अधिक खरी वाटू लागते.

2006 साली जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक धक्कादायक निष्कर्ष मांडला. 2003 ते 2005 या काळात समुद्राचा वरचा 750 मीटरचा थर थंड झाला होता. पृथ्वी तापत असताना समुद्र थंड कसा होईल, यावर जगभर चर्चा झाली. विलिस यांनी त्यानंतर स्वतःच्याच निष्कर्षाला इतर साक्षीदारांसमोर उभे केले. समुद्र थंड झाला असेल तर पाणी आकसले पाहिजे, पण उपग्रह समुद्राची पातळी वाढत असल्याचे सांगत होते. वातावरणाच्या माथ्यावर मोजलेला उष्णतेचा जमाखर्चही जुळत नव्हता. त्यांनी शोध घेतला तेव्हा दोन वेगळ्या चुका सापडल्या. एका प्रकारच्या काही फ्लोट्समध्ये तापमानाची नोंद चुकीच्या दाबाशी जोडली जात होती, त्यामुळे खालचे थंड पाणी वरच्या खोलीवर असल्यासारखे दिसत होते. दुसरी चूक एक्सबीटी नावाच्या जुन्या साधनातली. जहाजावरून सोडला जाणारा हा तापमापक खोली मोजतच नाही. तो किती सेकंद पडत होता यावरून खोली काढतात. पडण्याचा वेग थोडा चुकीचा धरला की खोली चुकते, आणि या साधनाने समुद्र थोडा जास्तच उबदार दाखवला होता. जुन्या काळात उबदार चूक आणि नव्या काळात थंड चूक, अशा दोन्ही मिळून थंड होणाऱ्या समुद्राचे चित्र तयार झाले होते. 2007 मध्ये त्याच शास्त्रज्ञांनी दुरुस्ती प्रसिद्ध केली. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतः तपासून मागे घेण्याचे हे धैर्य विज्ञानाचा कणा आहे.

दाबातल्या लहान चुकीने एवढे कसे बिघडते? उष्ण कटिबंधातल्या समुद्रात वरचा उबदार थर संपला की तापमान झपाट्याने उतरते. 100 मीटरमध्ये ते 10 अंशांनीही खाली येऊ शकते. अशा ठिकाणी खोली 5 मीटरने चुकली तर तापमान अर्ध्या अंशाने चुकते, आणि समुद्राच्या उष्णतेच्या हिशेबात अर्धा अंश फार मोठा असतो.

2009 साली दाबाचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. आर्गोच्या अनेक फ्लोट्समध्ये वापरलेल्या दाबमापकात सूक्ष्म गळती आढळली. आतले तेल झिरपून दाब हळूहळू खऱ्यापेक्षा कमी दिसू लागत होता. काही काळ नवे फ्लोट समुद्रात सोडणे थांबवावे लागले. फ्लोट पृष्ठभागावर आला की दाब शून्य दिसायला हवा. तो उणे दिसला की सेन्सर सरकला आहे हे कळते आणि तेवढी दुरुस्ती करता येते. पण एका लोकप्रिय प्रकारच्या फ्लोटच्या जुन्या नियंत्रकात उणे दाब आला तर तो शून्य म्हणून नोंदवण्याची सूचना लिहिलेली होती. दाब उणे असूच शकत नाही, असा लिहिणाऱ्याचा सरळ हेतू होता. परिणामी सेन्सर बिघडत असल्याचा थेट पुरावाच पुसला गेला, आणि त्या फ्लोट्सच्या नोंदी खात्रीने दुरुस्त करता येईनाशा झाल्या. अशक्य वाटणारा आकडा हाच कधी कधी सर्वांत मोलाचा आकडा असतो.

यंत्र न बिघडताही चूक शिरू शकते. 1945 च्या सुमारास समुद्राचे तापमान जगभर एकदम घसरल्याचे जुन्या नोंदी सांगत होत्या. 2008 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा उलगडा केला. युद्धकाळातल्या बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि ती जहाजे इंजिनसाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान मोजत, जे किंचित जास्त यायचे. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या. तिथे बादलीने पाणी वर काढत, आणि ते वर येईपर्यंत वाऱ्याने थोडे निवायचे. समुद्र तसाच होता. मोजणारे हात आणि पद्धत बदलली होती. म्हणून आकड्याबरोबर तो कोणी, कशाने आणि कसा मोजला ही नोंद नसेल, तर आकडा अर्धाच राहतो.

अपोलो बंदराची दीर्घ नोंद

महाराष्ट्राकडे या बाबतीत एक अनमोल ठेवा आहे. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे, आणि हिंदी महासागरातल्या सर्वांत दीर्घ नोंदींत तिची गणना होते. जुन्या पद्धतीत पाण्यात एक उभा नळ रोवत आणि त्याच्या बुडाशी बारीक छिद्र ठेवत. लाटांची खळबळ बाहेर राहावी आणि भरती-ओहोटीचे संथ पाणी आत यावे, ही योजना. नळात तरंगणारा गोळा वर-खाली झाला की दोरीला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेषा काढी.

या यंत्राच्या बिघाडाची खूणही ठरलेली. छिद्रात गाळ बसला की पाणी आत-बाहेर करायला वेळ लागतो. मग भरती खऱ्यापेक्षा कमी उंच दिसते, ओहोटी खऱ्यापेक्षा कमी खोल दिसते आणि दोन्ही उशिरा येतात. सरासरी पातळीकडे पाहणाऱ्याला यातले फारसे काही कळत नाही. भरती-ओहोटी चंद्रसूर्याच्या गणितावर चालत असल्याने तिचे भाकीत आधीच करता येते. मोजलेल्या पातळीतून भाकीत वजा केले की उरलेल्या भागात वारा, हवेचा दाब आणि यंत्राचा दोष उघडे पडतात. उरलेल्या भागातही रोज दोनदा भरतीचीच लय दिसत राहिली, तर छिद्र किंवा घड्याळ तपासावे.

आणखी खोल प्रश्न असा, की समुद्र वर येत आहे की जमीन खाली जात आहे? नळ जमिनीला जखडलेला असल्याने यंत्राला या दोन गोष्टींत फरक करता येत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय किनाऱ्यावरच्या नोंदी तपासल्या तेव्हा मुंबईत पातळी वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढलेली दिसली. कोलकात्याजवळच्या डायमंड हार्बरला मात्र ती कैक पटींनी जास्त निघाली, कारण तिथे त्रिभुज प्रदेशातली गाळाची जमीनच खचत आहे. वर्षाला एक मिलिमीटर म्हणजे शंभर वर्षांत दहा सेंटिमीटर. इतका बारीक बदल हाती यायचा तर यंत्राची उंची जमिनीवरच्या पक्क्या खुणांशी पुन्हा पुन्हा ताडून पाहावी लागते. पिढ्यान्पिढ्या हे काम करणाऱ्या माणसांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, पण मुंबईच्या किनाऱ्याविषयी आज जे ठामपणे बोलता येते ते त्यांच्या जोरावर.

अविश्वसनीय, तरीही खरे

आकडे तपासणाऱ्याच्या वाटेवर एक मोठा धोका असतो. खोटे आकडे गाळता गाळता तो नवे सत्यही गाळून टाकू शकतो.

अरबी समुद्रात साधारण 200 मीटरच्या खाली शेकडो मीटर जाडीचा असा थर आहे, की त्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथे शून्याला टेकलेला आकडा आला तर तो सेन्सरचा दोष नव्हे, तिथला नेहमीचा समुद्र आहे. उलट त्या थरात प्राणवायू थोडा जास्त दिसला तर नमुना घेताना बाटलीत हवेचा बुडबुडा गेला का, ते आधी पाहावे लागते. त्याहून विलक्षण गोष्ट किनाऱ्याजवळची. पावसाळ्याच्या अखेरीस गोव्यासमोरच्या उथळ पाण्यातही तळाशी प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद वजीह नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये हे मांडले. केवळ सेन्सरच्या आकड्यावर हे मान्य झाले नसते. नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण, अन्य वायूंची मोजमापे आणि पुन्हा पुन्हा केलेल्या सफरी यांनी एकमेकांना दुजोरा दिला.

बंगालच्या उपसागरात दुसरा चकवा आहे. समुद्रात गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असते, हा सर्वसाधारण नियम. हिवाळ्यात उपसागराच्या उत्तर भागात मात्र वर थंड आणि खाली उबदार पाणी सापडते. फक्त तापमान पाहणारा तपासनीस ही नोंद बाद करील. क्षारता पाहिली की कोडे सुटते. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी वर पसरलेले असते; ते इतके हलके असते की थंड झाले तरी खाली बुडत नाही. म्हणून तापमान उलटे दिसले तर घनता पाहायची. घनता खाली वाढत असेल तर नोंद खरी धरावी. घनताही उलटी निघाली तर बिघाड शोधावा. अरबी समुद्रात जी क्षारता संशयास्पद ठरेल, ती उपसागरात रोजची असू शकते. सगळीकडे एकच फूटपट्टी लावणारा तपासनीस म्हणूनच अपुरा पडतो. त्याला तो समुद्र ठाऊक असावा लागतो.

दोष शोधण्याची शिस्त

जहाजावर यंत्र हाताशी असते तेव्हा दोष शोधण्याची रीत ठरलेली आहे, आणि ती कोणत्याही यंत्राला लागू पडते. पहिली पायरी म्हणजे काहीही हलवण्याआधी काय दिसते आहे ते वेळेसह वहीत लिहून ठेवणे. घाईने जोडणी हलवली आणि यंत्र चालू झाले, तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही आणि खोल पाण्यात तो पुन्हा उभा राहतो.

मग उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न यंत्राला विचारायचे. डेकवर हवेत ठेवलेल्या यंत्राचा दाब शून्याजवळ हवा. कोरड्या नळीची वाहकता शून्याजवळ हवी. दोन तापमापक लावले असतील तर दोघांचे आकडे जुळायला हवेत. यंत्र पाण्यात उतरताना आणि परत वर येताना घेतलेल्या नोंदी साधारण सारख्या याव्यात. या प्रश्नांना खर्च नाही, आणि बरेचसे दोष यातच सापडतात.

तिसरी पायरी साध्या गोष्टी आधी तपासण्याची: वीजपुरवठा, बॅटरी, केबल, जोडणीत शिरलेले पाणी, सांध्यावरचे रबरी कडे. समुद्रात सेन्सरपेक्षा केबल आणि जोडण्या जास्त वेळा दगा देतात. इथे एकच नियम पाळायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलून दोष केबलबरोबर गेला तर केबल दोषी. दोष तिथेच राहिला तर पुढे जायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुरू होते, पण ज्ञान मिळत नाही.

शेवटची कसोटी स्वतंत्र साक्षीदाराची. यंत्र ज्या खोलीवर मोजते तिथलेच पाणी बाटलीत भरून आणतात आणि त्याची क्षारता प्रयोगशाळेत प्रमाणित समुद्रजलाशी ताडून पाहतात. प्राणवायूसाठी लायोश विंकलर यांनी 1888 साली दिलेली रासायनिक पद्धत आजही वापरली जाते. हाती न येणाऱ्या फ्लोटसाठी खोल समुद्र हाच साक्षीदार ठरतो. तळाकडची क्षारता वर्षानुवर्षे फार थोडी बदलते. एखाद्या फ्लोटची 2,000 मीटरवरची क्षारता शेजारच्या फ्लोट्सपासून आणि जुन्या सफरींच्या नोंदींपासून दूर सरकत असेल, तर समुद्राआधी सेन्सरवर संशय घ्यायचा.

पुसू नका, शेरा लिहा

आर्गोच्या प्रत्येक आकड्याला एक शेरा जोडलेला असतो. 1 म्हणजे चांगला, 2 म्हणजे बहुधा चांगला, 3 म्हणजे बहुधा वाईट, 4 म्हणजे वाईट. मूळ आकडा तसाच राहतो; दुरुस्त केलेला आकडा वेगळ्या रकान्यात लिहिला जातो आणि दुरुस्ती का व किती केली हेही नोंदवले जाते. पहिली छाननी संगणक काही तासांत करतो, कारण हवामानाचा अंदाज थांबू शकत नाही. साधारण वर्षभरानंतर जाणकार माणूस त्या फ्लोटचा सगळा इतिहास समोर ठेवून पुन्हा निकाल देतो. घाईच्या कामाला घाईचा निकाल आणि दीर्घ अभ्यासाला सावकाश निकाल, अशी ही सोय आहे.

मूळ आकडा जपण्याचे महत्त्व ओझोनच्या प्रकरणात जगाला कळले. 1985 साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन ओसरत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या उपग्रहाने ते आधीच टिपले होते, पण फारच कमी म्हणून संगणकाने त्या आकड्यांवर संशयाची खूण केली होती. आकडे पुसले गेले नव्हते. म्हणून ते पुन्हा काढून तपासता आले आणि ओझोनचे छिद्र किती विस्तीर्ण आहे ते दिसले.

निलंग्याच्या शिवारात

हा विषय निलंग्याच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पंचनामे, मदत यांची चक्रे त्या आकड्यावर फिरतात. पेरणीचा सल्लाही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरचा असतो. अरबी समुद्रातल्या आकड्याचा परिणाम निलंग्यात पोचायला महिने लागतात. पर्जन्यमापकाचा आकडा त्याहून लवकर सातबारावरच्या माणसापर्यंत पोचतो.

या पर्जन्यमापकालाही समुद्रातल्या यंत्रांचेच नियम लागू आहेत. स्वयंचलित पर्जन्यमापकात नरसाळ्यातून आलेले पाणी एका छोट्या झुलत्या पात्रात पडते. पात्र भरले की कलंडते आणि एक ठोका नोंदवला जातो. नरसाळ्यात पाने, धूळ किंवा पक्ष्यांची घाण अडकली तर मुसळधार पावसातही शून्य दिसते. पाऊस थांबल्यावर तुंबलेले पाणी थेंबथेंब झिरपते आणि कोरड्या हवेत तासन्‌तास एकसारखा बारीक पाऊस नोंदला जातो. अपोलो बंदरच्या नळातल्या गाळासारखीच ही खूण: कमी उंच आणि उशिरा. अतिशय जोराच्या पावसात पात्र कलंडत असतानाही पाणी पडत राहते, म्हणून हे यंत्र मोठा पाऊस थोडा कमीच मोजते.

समजा, एखाद्या दिवशी औराद शहाजानीला आणि निलंग्याला जोराचा पाऊस नोंदला गेला आणि कासारशिरसीला शून्य. यंत्र बिघडले असे लगेच म्हणता येत नाही, कारण मराठवाड्यात गडगडाटी पाऊस एका शिवारात पडून दुसरे कोरडे ठेवतो. इथे बंगालच्या उपसागराचा धडा कामी येतो: जोडीचा सेन्सर पाहा. त्याच केंद्रावर तापमान आणि आर्द्रताही मोजली जाते. दुपारी तापमान एकदम काही अंशांनी उतरले, आर्द्रता शंभराजवळ गेली आणि ती तशीच राहिली, पण पाऊस शून्य, तर नरसाळे उघडून पाहण्याची मागणी करायला ठोस आधार मिळतो. तापमान उतरलेच नसेल, तर शून्यही खरा असू शकतो. गावातल्या शाळेने किंवा एखाद्या शेतकरी गटाने साधा हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी वहीत नोंद केली, तर स्वतंत्र साक्षीदार तयार होतो. त्या वहीत खाडाखोड नको. संशय असेल तर शेजारी शेरा लिहावा.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवणे आणि यंत्राला सरसकट खोटे ठरवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. पहिल्यात चुकीचा आकडा निर्णय घेतो. दुसऱ्यात कोणताच आकडा उरत नाही आणि निर्णय मोठ्या आवाजाच्या माणसाकडे जातो. त्यांच्या मधली वाट मेहनतीची आहे. यंत्र समजून घेणे, शेजाऱ्याशी ताडून पाहणे, एका वेळी एकच शंका फेडणे आणि मूळ नोंद जपणे, ही ती वाट. आर्गोचे फ्लोट तिच्यावर चालतात, मुंबईची दीडशे वर्षांकडे झुकलेली नोंद तिच्यामुळे टिकली आहे. ज्या मंडळात पावसाच्या आकड्यावर शेतकऱ्याची मदत ठरते, तिथल्या शाळेत, कृषी कार्यालयात आणि ग्रामसभेत ही रीत शिकवली जायला हवी.